गुलछडीच्या वेणीचा मान

एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर शिक्षकाला एक खोड उरते, ती मलाही उरली आहे. समोर येईल त्याला शिकवायचं. त्यामुळे थळला आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दाराला मनुबाई आणि त्यांचा मुलगा सुजित राहायला आले, तेव्हा मी पहिल्याच दिवशी धडा सुरू केला. त्यांच्या सामानात एक खाट, दोन पेट्या आणि अकरा डबे होते. तेलाचे डबे, रंगाचे डबे, एक फुटकी बादली आणि सगळ्यांत माती भरलेली. मी दारात उभी राहून सांगितलं, "अहो, फ्लॅटमध्ये असली झाडं होत नाहीत. आमची नागावला वाडी आहे, मला ठाऊक आहे. उघडं ऊन लागतं, वारा लागतो. उगाच चिखल होईल."

मनुबाई म्हणाल्या, "व्हय बाई." आणि डबे आत घेऊन गेल्या.

पुढे चार वर्षांत मला कळलं की मनुबाईंच्या "व्हय बाई"चा अर्थ, तुमचं ऐकलं, आता मला माझं काम करू द्या, असा असतो. हे कळायला मला चार वर्षं लागली, यात मनुबाईंची काही चूक नाही.

त्रेसष्ट वर्षांची, सडपातळ, पाठ अजून ताठ असलेली ही बाई. गाव सांबरोली, थळपासून आत, डोंगराच्या बाजूला. तिकडे पावसात भात आणि हिवाळ्यात पांढरा कांदा. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला. सुजित अलिबागला एका कुरियरच्या कचेरीत लागला आणि रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून मायलेक इकडे आले. शेत सुटलं, पण मनुबाईंच्या हातून शेती सुटली नाही. त्यांनी ते दोन खोल्यांत मांडलं.

आमच्याकडे समुद्रावरून खारा वारा येतो. तो पानांच्या कडा करपवतो. मनुबाईंनी हे आठवड्यात ओळखलं आणि समुद्राकडची खिडकी कायमची लावून टाकली. मग उरलं ऊन. ते सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं आणि दुपारनंतर बाहेरच्या खोलीच्या काचेतून. मनुबाई सकाळी सातला सगळे डबे स्वयंपाकघरात सरकवायच्या आणि दुपारी दोनला बाहेरच्या खोलीत. रोज. खर्रर्र, खर्रर्र असा आवाज यायचा. दुपारी दोन ही माझी झोपेची वेळ. मी सोसायटीत रीतसर तक्रार केली. दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद. पाहते तर प्रत्येक डब्याखाली जुन्या गोधडीची चिंधी बांधलेली. तक्रार मागे घ्यायची कशी, ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी घेतली नाही.

त्या डब्यांत एक डबा वर्षातले कितीतरी महिने नुसता मातीचा असायचा. मी एकदा म्हटलंही, "हा रिकामा कशाला अडवून ठेवलाय? त्यात कोथिंबीर तरी लावा." "व्हय बाई." पुढच्या चैत्रात एका सकाळी दार उघडलं तर जिन्यात असा वास की मी हातातली दुधाची पिशवी तशीच धरून उभी राहिले. मनुबाईंच्या त्या रिकाम्या डब्यात, एकही पान नसताना, मातीतून थेट फुलं वर आली होती. पांढरी, जांभळ्या जिभेची. भुईचाफा. आमच्या वाडीत माझ्या आजीच्या वेळी होता म्हणतात, कुणीतरी खणून टाकला. मी त्या दिवशी काही शिकवलं नाही. खाली बसून वास घेतला.

असाच न्हाणीत ठेवलेला सोनटक्का, खाटेखाली उन्हाळाभर निजवलेले कंद, खिडकीच्या गजाला मरवा. कुठलं झाड कधी उपाशी ठेवायचं, कधी पाजायचं, कधी अंधारात घालायचं, हे सगळं त्या बाईच्या बोटांत होतं. मला विचाराल तर बागकाम म्हणजे पाणी घालणं असं समजणारे आपण सगळे अडाणी आहोत, आणि वाडीवाले त्यातले पहिले.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

गेल्या मार्गशीर्षात मी त्यांचं पातेलं परत द्यायला गेले. मनुबाई स्वयंपाकघरात फतकल मारून बसल्या होत्या आणि कांद्याची माळ विणत होत्या. पांढऱ्या कांद्याची पात वाळवून तिची वेणीसारखी गुंफण करतात आणि त्या माळा घरात टांगतात, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. मुंबईचे पाहुणे आले की जाताना एक माळ घेऊन जातातच. पण या कांद्यांचं रूप मला वेगळं वाटलं. लांबट, निमुळते.

"हे कसले कांदे?"

"कांदं न्हायती बाई. गुलछडीचं कंद हायत."

गुलछडी म्हणजे आपला निशिगंध. शेताच्या बांधावर त्यांच्या सासूच्या सासूपासून लावलेला, एकेरी पाकळीचा, खऱ्या वासाचा. ते शेत दीर रघू आणि मनुबाई यांचं सामाईक. पावसाळ्यात विकलं गेलं. घेणारा दिवाळीनंतर कुंपण घालणार होता, त्याच्या आधी मनुबाई एकट्या गेल्या आणि बांध खणून बावीस कंद घेऊन आल्या. कंद पातीसकट वाळवून, कांद्यासारखे विणून, घरातल्या कोरड्या उबेला महिनाभर टांगायचे, ही त्यांची रीत. पुस्तकात असं काही मी वाचलं नव्हतं.

"त्याला झोप लागाया पायजे," मनुबाई म्हणाल्या. "उपाशी निजला की जोमानं उठतो. सक्रांतीला लावीन. मंग चैती पुनवेला फूल."

"चैत्री पौर्णिमेलाच का?"

तेव्हा त्यांनी मला मानाची गोष्ट सांगितली. हात चालूच होते.

सांबरोलीची ग्रामदेवी जाखमाता. चैत्री पौर्णिमेला संध्याकाळी तिची पालखी निघते. पालखी उचलण्याआधी देवीच्या केसांवर निशिगंधाची वेणी चढते आणि ती वेणी चढवायचा मान मनुबाईंच्या घराचा. त्याला एकच अट. फूल स्वतःच्या हातचं, स्वतःच्या घरच्या पाण्यावरचं हवं. विकतचं नको, मागून आणलेलं नको. एक चैत्र चुकला की मान भाऊबंदांतल्या पुढच्या घराला जातो. पुढचं घर रघूभाऊंचं.

"मग जाऊ दे की," मी म्हटलं. "घरातच राहील."

मनुबाईंनी माळ मांडीवर ठेवली. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला त्या चैत्रात गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, विधवेच्या हातची वेणी देवीला कशी चालेल? मान सोड. मनुबाईंनी सोडला नाही. देवीला विचारा म्हणाल्या. गुरवाने देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतात आणि उजवी आधी पडली तर देवीचा होकार समजतात. उजवी पडली. तेव्हापासून कपाळाला कुंकू नसताना देवीला वेणी घालणारी पंचक्रोशीतली ही एकच बाई.

"आता फूल चुकलं, तर काय म्हनतील? शेत न्हवतं म्हनून चुकलं आसं न्हाय म्हननार. म्हनतील, देवीनं शेवटी नाकारलीच. मंग माझ्यामागनं येनारीला त्या पायरीवर उभं करनार हाय का कोन?"

मी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि घरी आले.

कंदांची माळ मनुबाईंनी जुन्या लुगड्याच्या कापडात गुंडाळून स्वयंपाकघराच्या माळ्याखाली टांगली. शेजारी गेल्या हंगामातली पांढऱ्या कांद्याची उरलेली एक माळ, तशीच उघडी. आणि इथे सुजितने घात केला.

सुजित गुणी मुलगा आहे. चौतिसाव्या वर्षीही आईला न सांगता चित्रपटाला जात नाही. पण कांदा त्याला फक्त ताटात ओळखू येतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याला मुंबईच्या कचेरीत जायचं होतं. त्याचे मोठे साहेब माझगावला राहतात, त्यांनी कधीतरी म्हटलं होतं, अरे, तुमच्याकडचा पांढरा कांदा आण. बाजारात नवा कांदा आला नव्हता. मनुबाई दळण आणायला खाली गेल्या होत्या, रेवसची लाँच चुकेल म्हणून हा घाईत. वर दोन माळा. एक उघडी, एक जपून कापडात बांधलेली. त्याने विचार केला, आईने जपून ठेवली ती चांगली. साहेबांना चांगलंच द्यावं. कापडासकट पिशवीत घातली आणि गेला.

मनुबाईंना वाटलं, उंदरांच्या भीतीने सुजितने माळ वर माळ्यावर सरकवली असेल. त्यांनी दोन दिवस ती शोधली नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. सुजितने नेमका तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. साहेब हसत म्हणाले, "सुजित, अरे तुमचा कांदा एवढा कडू? बायकोने कोशिंबीर केली, पहिल्या घासाला सगळे थुंकलो."

मी तेव्हा तिथेच होते. मनुबाईंनी वर पाहिलं, मग सुजितकडे पाहिलं. मुलाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या वाटचं मी बोलले. एकतीस वर्षांत वर्गात जे बोलले नाही ते त्या मुलाला बोलले. तो बिचारा रडायच्या बेतात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाई आणि मी रेवसच्या धक्क्यावर. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लाँचमध्ये पाय ठेवला. मला वाटलं घाबरतील. त्या पुढच्या बाकावर बसल्या आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत पाण्याकडे न बघता पदराचं टोक बोटांना गुंडाळत राहिल्या. मी दोनदा म्हटलं, अलिबागच्या रोपवाटिकेत निशिगंधाचे कंद मिळतात, आणून लावा, तुमच्याच घरात वाढतील. "व्हय बाई," त्या म्हणाल्या, आणि मी पुढे बोलले नाही.

साहेबांच्या घरी चांगली माणसं. त्यांच्या पत्नीला आम्ही काय सांगतोय ते कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. पाच कंद चिरले गेले होते. दोन तिने शेजारी दिले होते, तेही चिरून झालेले. उरले पंधरा. "ते मी नीट ठेवलेत हं," असं म्हणत तिने फ्रिज उघडला आणि खालच्या कप्प्यातून पिशवी काढली.

मनुबाईंनी एक कंद गालाला लावला. तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसा, फक्त उलट. "गारठलीत," त्या म्हणाल्या. "चार दिस गारठ्यात ऱ्हायलीत." त्यांनी पंधराही कंद पोलक्याच्या आत, पदराखाली घेतले. चहा प्यायला थांबल्या नाहीत. परतीच्या लाँचमध्ये हात छातीशी घट्ट धरून बसल्या होत्या. शेजारच्या कोळणीने विचारलं, दुखतंय का काही? मनुबाई म्हणाल्या, "व्हय." मला त्या उत्तराचं हसू आलं नाही.

घरी आल्यावर सुजित म्हणाला, आई, मी काय करू? मनुबाईंनी फ्रिजला हात लावून पाहिला. समोरून थंड, पण मागे जाळीपाशी चांगली ऊब. "ह्यो पुढं वढ," त्या म्हणाल्या. सुजितने फ्रिज हातभर पुढे ओढला. मी नागावला भाऊ सलिलला फोन करून नारळाच्या सोडणांचा भुसा मागवला. मनुबाईंनी तो ओलसर केला, पत्र्याच्या ताटात पसरला, त्यात कंद अर्धे पुरले आणि ताट फ्रिजच्या पाठीशी सरकवलं. वरून जुनं लुगडं. दहा दिवस त्या घरात कुणी फ्रिजमागे गेलं नाही, फक्त मनुबाई सकाळ-संध्याकाळ वाकून हात फिरवायच्या. सहा कंद मऊ पडून सडले. नऊ कंदांना हिरवं टोक आलं. मी ते पाहून टाळ्या वाजवल्या. मनुबाई म्हणाल्या, "आजून फूल न्हाय बाई. पात तर गवताला पन येते."

पौर्णिमेला तीन महिने उरले होते, आणि गुलछडीला तीन महिनेच लागतात. एक दिवस वाया गेला तरी चालणार नव्हतं. नऊ डबे सकाळी स्वयंपाकघरात, दुपारी बाहेरच्या खोलीत. आता मी दोनला झोपत नव्हते. चार डबे मी सरकवायची, पाच त्या. भिंतीला मनुबाईंनी पांढऱ्या चादरी लावल्या, उजेड परतून झाडावर पडावा म्हणून. हा भूगोल मी शिकवलेला नव्हता. पाणी घालताना त्या बोट मातीत पेरभर खुपसायच्या आणि मग ठरवायच्या. एकदा मी न विचारता तांब्याभर पाणी घातलं. मनुबाईंनी काही न बोलता तो डबा तिरका केला आणि पाणी निथळू दिलं. नंतर मी फक्त सरकवायचं काम केलं.

होळीला पात गुडघ्यापर्यंत आली, पण दांडा एकाही झाडाला नव्हता.

होळीनंतर चार दिवसांनी क्रांती आली. रघूभाऊंची सून. रघूभाऊंचा मुलगा ओंकार दोन वर्षांपूर्वी हायवेवर गाडी घसरून गेला, त्याची ही बायको. वय सत्तावीस. माझ्या शेवटच्या शेवटच्या तुकडीत होती ती, नकाशे फार सुबक काढायची. आता गळ्यात काही नाही, अंगावर फिका ड्रेस, एसटीने आलेली.

"काकी, नानांचा निरोप हाय," ती म्हणाली. नाना म्हणजे तिचे सासरे. "म्हनले, वहिनींना सांग, यंदा जिवाला त्रास घेऊ नका. आपल्या परसात गुलछडी चांगली आलीय. मान आमच्याकडं द्या."

मनुबाईंनी तिला पाणी दिलं. "परसातली गुलछडी कोनी लावली?"

"मीच. गेल्या साली तुमच्याच बांधावरचं दोन कंद न्हेलेलं."

"पानी कोन घालतं?"

"मीच."

"आन मान तुमच्याकडं आला, तर वेनी कोन घालंल?"

क्रांतीने भांडं खाली ठेवलं. "आत्या घालतील," ती म्हणाली. आत्या म्हणजे तिची सासू. "मी कशी घालीन काकी? मी तर सक्रांतीच्या हळदीकुंकवाला पन माजघरातच बसलेले."

मनुबाईंनी उठून चहा ठेवला. मला त्या मुलीकडे बघवेना, म्हणून मी डबे मोजत बसले. नऊच होते.

जाताना क्रांती दारात थांबली. हळूच म्हणाली, "काकी, तुमची नाय फुलली तर मी आदल्या दिवशी माझं दांडं आनून देते. कोनाला सांगनार न्हाय."

"तू न्हाय सांगनार," मनुबाई म्हणाल्या. "मला तर ठावं आसंल ना?" आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझी फुलतील. तू फकस्त पुनवेला देवळात ये. माजघरात बसू नको."

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी पहिला दांडा दिसला. पातीच्या मधून, बोटाएवढा. मग दुसरा. तिसरा चार दिवसांनी. बाकी सहा झाडं नुसती हिरवी राहिली, गारठ्याने त्यांच्या पोटातलं फूल मारलं होतं. मनुबाईंनी त्यांच्यावर राग धरला नाही, त्यांनाही तेवढंच पाणी. तीन दांडे खिडकीकडे कलायला लागले तसं त्या दर दोन तासांनी डबा अर्धा फिरवायच्या. पौर्णिमेला दोन दिवस उरले आणि कळ्या अजून हिरव्या. मी देवावर फारसा विश्वास न ठेवणारी बाई, पण त्या दोन दिवसांत मी स्वतःशी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पौर्णिमेच्या सकाळी खालच्या कळ्या पांढऱ्या झाल्या. निशिगंध संध्याकाळी उमलतो, पालखी संध्याकाळी. आम्ही दुपारी रिक्षा केली. मनुबाई, मी आणि सुजित, प्रत्येकाच्या मांडीवर एक डबा. सुजित डब्याला असा धरून बसला होता की रिक्षावाल्याने विचारलं, तूप आहे का? खड्डा आला की तो दांड्याला हाताचा आडोसा करायचा. साहेबांना दिलेल्या माळेचं प्रायश्चित्त तो मनापासून घेत होता.

देवळाच्या सभामंडपात पाच वाजता बसलो. हळूहळू गाव जमलं. ताशेवाले आले, पालखी सजली. मनुबाई डबे पुढ्यात घेऊन बसल्या होत्या आणि एकेक कळी सुटत होती. सहाच्या सुमारास त्यांनी उमललेली फुलं खुडली आणि केळीच्या खोडाच्या सोपाच्या दोऱ्यात ओवली. अकरा फुलं. दरवर्षीची वेणी हातभर असायची, ही वीतभर भरली.

रघूभाऊ पुढे आले. माणूस वाईट नाही, पण मान घराकडे यावा असं त्याला मनापासून वाटत होतं हे दिसत होतं. "वहिनी, एवढीच?"

"एवढीच. पन माझ्या घरात आलेली हाय."

दोन बायका कुजबुजल्या. गुरव पुढे आले, वेणी पाहिली, वास घेतला. "लांबीचं काही ठरलेलं नाही," ते म्हणाले. "फूल हातचं हवं, ते आहे. चला मनुबाई, वेळ झाली."

मला वाटलं, झालं. मनुबाई जिंकल्या. मी डोळे पुसायला रुमाल काढला आणि तेवढ्यात पाहिलं की मनुबाई गाभाऱ्याकडे जातच नाहीत. त्या उलट्या वळल्या. सभामंडपाच्या मागच्या खांबाशी, बायकांच्या पाठीमागे, क्रांती उभी होती. मनुबाईंनी तिचा हात धरला आणि सगळ्या गावामधून तिला पुढे घेऊन आल्या.

"वहिनी, हे काय?" रघूभाऊ म्हणाले.

"तुमच्या घराला मान हवा होता ना भावजी? देते. हिच्या हातानं देते. गुलछडी लावनारी, पानी घालनारी हीच हाय."

ताशेवाले थांबले. गुरवांचा चेहरा पडला. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मनुबाई, कौल तुमच्या हाताला मिळालेला आहे. हिच्या हाताला नाही."

"व्हय," मनुबाई म्हणाल्या. "म्हनून माझा हात हिच्या हाताखाली ऱ्हाईल."

रघूभाऊंनी बायकोकडे पाहिलं. ओंकारची आई पहिल्या ओळीत, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशीच उभी होती. हिरवी साडी, कपाळभर कुंकू. मान त्यांच्या घरी गेला, तर रीतीने वेणी घालायला पुढे व्हायचं तिनेच. तिने सुनेकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि उंबऱ्यावरून बाजूला झाली.

क्रांती वेणी घेऊन आत गेली. मनुबाईंनी तिच्या हातांखाली आपला तळहात धरला. मी उंबऱ्याला लागून होते, म्हणून मला ऐकू आलं.

"सावकाश घाल," मनुबाई म्हणाल्या. "पडली तर माझ्या हातात पडंल."

वेणी पडली नाही. क्रांतीने ती देवीच्या केसांवर चढवली, दोन्ही टोकं मागे खोवली आणि कपाळ देवीच्या पायांवर टेकून मोठ्याने रडली. ओंकार गेल्यापासून ती गाभाऱ्यात पहिल्यांदाच आली होती. बाहेर कुणीतरी ताशेवाल्यांना खूण केली, पण गुरवांनी हात वर करून त्यांना थांबवलं. तिचं रडणं संपेपर्यंत पालखी उचलली नाही.